नोंदींचा प्रवास : भाग ६
परवानगी नेमकी कशाची?

मागच्या भागात ‘फायर’ या मानकाची ओळख करून घेतली. निरनिराळ्या रुग्णालयांच्या संगणकांनी रुग्णाची माहिती एकाच साच्यात मांडावी, म्हणजे एकाने लिहिलेले दुसऱ्याला वाचता यावे, यासाठी ते आहे. त्याचे भारतापुरते तपशील पुण्याच्या सी-डॅकमधल्या राष्ट्रीय केंद्राने ठरवून दिले आहेत. पण नोंद वाचता येणे वेगळे आणि ती वाचायची मुभा असणे वेगळे. ही मुभा कोण देतो, कशी देतो आणि देताना त्याला काय कळलेले असते, हा या भागाचा विषय. आरोग्य-नोंदींच्या सुरक्षिततेची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा कुलपांपाशी घुटमळते. नोंद सुरक्षित राहील की नाही हे ज्या क्षणी रुग्ण ‘हो’ म्हणतो त्या क्षणी ठरते, असे माझे म्हणणे आहे. कुलपाचे काम आपण बऱ्यापैकी नीट केले आहे. त्या ‘हो’चे काम अजून व्हायचे आहे.

आधी आजची रीत पाहू. केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, घडी पडलेली सोनोग्राफी आणि दोन-तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असलेली प्लास्टिकची पिशवी हेच आपल्याकडचे नोंदी पोचवण्याचे सर्वात मोठे साधन आहे. ती एसटीत विसरते, पावसात भिजते. अलीकडे तिला व्हॉट्सअ‍ॅपची जोड मिळाली आहे. रिपोर्टचा फोटो मुलाच्या फोनवरून भाच्याच्या, तिथून ओळखीच्या डॉक्टरांच्या फोनवर जातो आणि प्रत्येक ठिकाणी एकेक प्रत मागे राहते. ती कोणी पाहिली याचा हिशेब कुठेच नसतो. इलेक्ट्रॉनिक नोंदींवर आक्षेप घेताना तुलना या पिशवीशी आणि या फोटोंशी करायला हवी.

मग सगळ्या देशाच्या नोंदी सरकारने एकाच मोठ्या साठ्यात का ठेवू नयेत, असा पहिला प्रश्न येतो. सोपे वाटते खरे. पण २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर खंडणीसाठी सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरांवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि देशातल्या सर्वात नावाजलेल्या रुग्णालयात नोंदणी पुन्हा हाताने, कागदावर करावी लागली. त्याआधी २०१८ मध्ये सिंगापूरच्या सिंगहेल्थमधून १५ लाख रुग्णांची वैयक्तिक माहिती चोरीला गेली, तीत तिथल्या तत्कालीन पंतप्रधानांच्या औषधांचा तपशीलही होता. साठा जेवढा मोठा, तेवढा तो फोडण्याचा मोह मोठा.

म्हणून २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने वेगळी वाट धरली. नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते, आणि गरज पडेल तेव्हा, मागितली तेवढीच, एका ठिकाणाहून दुसरीकडे जाते. याने छोट्या रुग्णालयाचा संगणक आपोआप भक्कम होत नाही, हे मान्य केले पाहिजे. एक घर फुटले तर त्या घरातलेच जाते, एवढीच हमी या रचनेत आहे, आणि ती मोलाची आहे.

ही देवाणघेवाण जवळून पाहण्यासारखी आहे. समजा, सोलापुरात अँजिओप्लास्टी झालेला रुग्ण पुण्यातल्या डॉक्टरांकडे गेला. पुण्याचे रुग्णालय थेट सोलापूरला मागणी करत नाही. ती मागणी संमती-व्यवस्थापक नावाच्या मधल्या प्रणालीकडे जाते आणि तिथून रुग्णाच्या मोबाइलवर उमटते. त्या मागणीत कोण मागतो आहे, कशासाठी, कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या आणि मिळालेली माहिती कधी पुसायची, हे सगळे लिहावे लागते. रुग्णाने मान्यता दिली की या मजकुरावर डिजिटल सही होते. सोलापूरचे रुग्णालय ती सही तपासते आणि मगच नोंद पाठवते, तीही सांकेतिक रूपात. त्या खेपेपुरती दोन्ही बाजू नव्या किल्ल्या तयार करतात, एकमेकींना फक्त त्यांचा उघडा भाग कळवतात आणि त्यावरून दोघींकडे सारखीच गुप्त किल्ली तयार होते. ही किल्ली कोणत्याही तारेवरून जात नाही. मधल्या संमती-व्यवस्थापकाला परवानगी दिसते, पण रिपोर्टमध्ये काय आहे ते वाचता येत नाही. टपाल खात्याला पाकीट दिसते, आतले पत्र दिसत नाही, तसेच हे.

यावर डॉक्टरांचा एक आक्षेप असतो आणि तो खरोखर वजनदार आहे. रुग्णाला हवे तेवढेच दाखवायची मुभा दिली तर तो मानसिक आजाराची औषधे किंवा जुना क्षयरोग लपवेल आणि अर्धवट माहितीवर दिलेले औषध अंगाशी येईल. धोका खरा आहे. पण आजही रुग्ण तेच करतो. नको असलेला कागद पिशवीतून बाहेर काढत नाही. आणि सगळेच उघडे पडेल अशी धास्ती बसली तर तो ती गोष्ट मुळात कुठल्याच डॉक्टरला सांगणार नाही. फिनलंडमध्ये २०२० साली वास्तामो या मानसोपचार संस्थेतून चोरलेल्या नोंदी वापरून रुग्णांना एकेकटे गाठून पैसे मागितले गेले. समुपदेशकाजवळ विश्वासाने बोललेले शब्द त्यांच्यावरच उगारले गेले. असे एकदा घडले की पुढचा माणूस दवाखान्याची पायरी चढताना दहादा विचार करतो. मोजकी परवानगी हा रुग्णाचा हट्ट नव्हे. तिच्या भरवशावरच तो खरे बोलतो.

कमजोर दुवा आहे तो नोंदणीच्या खिडकीवर. मागे रांग असते, काचेपलीकडून आवाज येतो, ‘ओटीपी सांगा.’ सहा आकडे सांगितले जातात, पडद्यावरचा मजकूर रुग्णाच्या बाजूला वळलेलाही नसतो. फोन मुलाकडे असेल तर ‘हो’ मुलगाच म्हणतो. २०२१ मध्ये कोविड लसीकरणाच्या वेळी आधार दाखवलेल्या अनेकांच्या प्रमाणपत्रावर याच मिशनचा आरोग्य-क्रमांक, म्हणजे आजचा ‘आभा’ क्रमांक, छापून आला. तो तयार झाल्याचे पुष्कळांना प्रमाणपत्र पाहूनच कळले. कायद्याच्या भाषेत तिथेही संमती असेल, पण समजून दिलेला होकार नव्हता. सही कितीही अभेद्य असो, ती ज्या होकारावर उमटते तोच पोकळ असेल तर पुढची सगळी गुप्तलिपी त्या पोकळ होकाराचेच रक्षण करते.

हे सुधारणे तंत्रज्ञानाच्या आवाक्याबाहेरचे नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो की संमती मोकळेपणाने, विशिष्ट कारणापुरती आणि माहिती देऊन घेतलेली असावी. तिची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय असावी. आणि ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणे सोपे असावे. मग ‘सर्व प्रकारच्या नोंदी, सर्व काळातल्या’ हा पर्याय आधीच निवडलेला का असावा? हाडाच्या डॉक्टरांना दोन वर्षांतले एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या आणि अ‍ॅलर्जीची नोंद पुरते, तर मागणी तेवढीच उघडली पाहिजे. रुग्ण नाही म्हणाला तर उपचार थांबणार नाहीत, हे खिडकीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले हवे. आभा क्रमांक ऐच्छिकच आहे. बेशुद्ध माणसाला होकार विचारता येत नाही, म्हणून तातडीच्या प्रसंगासाठी योजनेत वेगळे कारण राखून ठेवले आहे आणि कायदाही तशी सूट देतो. ती योग्यच आहे, फक्त प्रत्येक वेळी नंतर रुग्णाला कळवले गेले पाहिजे.

परवानगी मागे घेतली तरी गेलेली प्रत परत येत नाही, पुढची देवाणघेवाण तेवढी थांबते. पुसण्याची तारीख पाळली की नाही हे शेवटी घेणाऱ्या संस्थेच्या आतच ठरते. एस्टोनियात नागरिकाला आपली नोंद कोणत्या डॉक्टरने कोणत्या दिवशी उघडली ते स्वतः पाहता येते. आपल्याकडे मागणारी संस्था कोणती ते रुग्णाला दिसते. त्या संस्थेत नंतर कोणकोणत्या हातांनी ती नोंद उघडली, ते तिच्याच दप्तरात राहते. पुढच्या आठवड्यात ते दप्तर.