एबीएसचा पिवळा दिवा काय सांगतो?



समजा, मृगाचा पाऊस पडून गेला आहे आणि तुम्ही मोटारीने लोहाऱ्याहून उमरग्याकडे निघाला आहात. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांनी डांबरी सडकेवर काळ्या मातीचा लेप चढवला आहे. एवढ्यात एक म्हैस आडवी येते. तुम्ही घाबरून ब्रेकवर जोरात पाय देता. आता काय होईल?

जुन्या गाडीची चाके अशा वेळी जागच्या जागी जाम होतात, आणि गाडी मात्र घसरतच राहते. स्टिअरिंग कितीही फिरवा, ती वळत नाही. कारण गाडीला वळवते ते फिरते चाक. जाम झालेले चाक नुसतेच घसरते. गुरुजींनी ही गोष्ट मुलांना शाळेच्या पटांगणात दाखवावी. ओल्या मातीवर सायकल हळू चालवून फक्त मागचा ब्रेक घट्ट दाबावा. मागचे चाक जाम होऊन आडवे सरकते. पुढच्या ब्रेकवर मात्र हा प्रयोग कुणी करू नये.

उताराला लागलेल्या बैलगाडीचा गाडीवान कासरा एकसारखा ताणून धरत नाही. तो ओढतो, सैल सोडतो, पुन्हा ओढतो. मोटारीतली एबीएस ही व्यवस्था हेच काम एका सेकंदात कितीतरी वेळा करते. चाक जाम होऊ लागले की त्याच्या ब्रेकचा दाब क्षणभर कमी करायचा आणि लगेच पुन्हा द्यायचा. १९७८ साली जर्मनीत बॉश कंपनीची ही व्यवस्था मर्सिडीज मोटारीत आली. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली आहे.

पण कोणते चाक जाम होत आहे, हे तिला कळते कसे? प्रत्येक चाकाजवळ बोटाएवढा एक सेन्सर बसवलेला असतो आणि त्याच्यासमोर चाकाबरोबर फिरणारी दातेरी चकती असते. जुन्या पद्धतीच्या सेन्सरात लोहचुंबक आणि त्याभोवती तारेचे वेटोळे असते. चकतीचा दाता समोरून गेला की वेटोळ्यात विजेचा ठोका उमटतो. विज्ञानाच्या तासाला शिकवतो तेच हे विद्युतप्रवर्तन. ताशी ६० किलोमीटर वेगाला लहान मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे नऊ फेरे घेते. चकतीला ४८ दाते असले, तर सेकंदाला सुमारे ४३० ठोके झाले. चारही चाकांचे ठोके एक छोटा संगणक मोजत असतो. एखाद्या चाकाचा हिशेब जुळेना झाला की तो पिवळा दिवा लावतो आणि आपले काम थांबवतो.

चावी फिरवल्यावर हा दिवा दोन-चार सेकंद लागून विझतो, ते ठीकच आहे. विझला नाही, किंवा चालता चालता लागला, तर दोष आहे असे समजावे. एकटा पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक बहुधा नेहमीसारखा लागतो. फक्त चाक जाम होऊ न देणारा राखणदार रजेवर गेलेला असतो. गाडी सावकाश चालवावी, अंतर ठेवावे आणि लवकर दाखवून घ्यावी. पण त्याबरोबर ब्रेकचा तांबडा दिवाही लागला, किंवा पेडल खोल जाऊ लागले, तर गाडी तिथेच उभी करा. घर जवळ आहे म्हणून पुढे जाऊ नका.

आता दोष कसा शोधायचा ते पाहू. आधी सोपे, मग अवघड.

पहिले, बॉनेट उघडून ब्रेक ऑइल पाहा. ते खालच्या रेघेखाली गेले असेल, तर ब्रेकचे पॅड झिजले असतील किंवा कुठे गळती असेल. नुसते ऑइल ओतून दोष झाकू नये. दुसरे, एबीएसचा फ्यूज आणि बॅटरी तपासा. अशक्त बॅटरीनेही दिवा लागतो. तिसरे, चारही टायर एकाच मापाचे आहेत ना? लहानमोठ्या चाकांचे ठोके जुळत नाहीत.

एवढ्याने उलगडा झाला नाही तर मेकॅनिककडे जा आणि स्कॅनर लावायला सांगा. स्वस्तातली काही यंत्रे फक्त इंजिनाचे दोष वाचतात, तेव्हा एबीएस वाचणारेच यंत्र हवे. मग गाडी हळू चालवून चारही चाकांचा वेग पडद्यावर पाहायचा. तीन चाके वीस दाखवतात आणि चौथे शून्य, तर चोर सापडला.

त्या चाकापाशी काय असते? आपल्या भागात पुष्कळदा चिखल असतो. काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की दगड होते. सेन्सर काढून फडक्याने व मऊ ब्रशाने पुसावा. तार तुटली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, जोडणीत पाणी शिरले आहे का, चकती गंजली किंवा तडकली आहे का, बेअरिंग ढिले आहे का, हे पाहावे. बेअरिंग नवे घातल्यावर दिवा लागला, तर ते उलटे बसले असण्याचा संभव असतो. काही बेअरिंगांच्या एकाच बाजूला चुंबकी पट्टी असते. ती सेन्सरकडेच यावी लागते. आणि गाडी नुसत्या जॅकवर उभी असताना तिच्याखाली कुणीही शिरू नये.

हे सारे तपासण्याआधीच कुणी "एबीएसचा अख्खा संच बदला" म्हणाला, तर थांबा. "स्कॅनरवर कोणते चाक दिसले, ते दाखवा," असे विचारा. संच फार महाग असतो, आणि दोष कित्येकदा एका सेन्सरचा किंवा तारेचा निघतो. दुरुस्तीनंतर नोंद पुसून, मोकळ्या रस्त्यावर गाडी फिरवून, दिवा पुन्हा लागत नाही ना, ते पाहूनच पैसे द्या.

व्यवस्था चालू असताना एक लक्षात ठेवा. जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली थरथरते. ते काम चालू असल्याचे चिन्ह आहे. पाय उचलू नका. दाबून धरा आणि स्टिअरिंग वळवा. खडीच्या कच्च्या रस्त्यावर मात्र या गाडीला थांबायला थोडे जास्त अंतर लागू शकते, म्हणून तिथे वेग आधीच कमी ठेवा.

काही जण त्या दिव्यावर काळी पट्टी चिकटवून मोकळे होतात. राखण करणारे कुत्रे भुंकले म्हणून त्याचे तोंड बांधावे, तसे हे झाले. दिवा दिसेनासा होतो, पण ओल्या सडकेवर म्हैस आडवी यायची ती येतेच. आणि मागच्या सीटवर आपलीच लेकरे बसलेली असतात.