चट्टा दिसला? काढा फोटो!

नागपुरात चामडीच्या डॉक्टरांची वानवा नाही. मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानात एम्स आहे. पण पारशिवनीकडच्या जंगलपट्टीतल्या एखाद्या टोल्यावरून तिथवर यायचं, तर दिवसभराची मजुरी बुडते. तेही कशासाठी, तर न दुखणाऱ्या, न खाजणाऱ्या एका फिकट चट्ट्यासाठी! फोन मात्र टोल्यावरही पोहोचलाय. मग फोनच चट्टा ओळखेल का? कुठे जमतं नि कुठे फसतं, ते पाहा.

पुस्तिका शिरली फोनमध्ये
त्वचेवरून ओळखू येणाऱ्या दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांवर जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली गावपातळीच्या आरोग्यसेवकांसाठी सचित्र पुस्तिका काढली. पुढे तिचंच 'स्किन एनटीडीज' नावाचं मोफत अ‍ॅप झालं. त्याच्या नव्या आवृत्तीला कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड देऊन केनियात चाचणी झाली. कुष्ठरोग, खरूज यांसारखे १२ दुर्लक्षित रोग आणि २४ नेहमीच्या त्वचातक्रारी फोटोवरून ओळखायच्या, असा तिचा अभ्यासक्रम!

निम्म्याहून जास्त आपल्याकडे
२०२३ साली जगात कुष्ठरोगाचे १ लाख ८२ हजारांहून अधिक नवे रुग्ण सापडले. त्यांतले १ लाख ७ हजारांवर एकट्या भारतात! आणि विदर्भाला हा रोग काही नवा नाही. त्यामुळे असं अ‍ॅप कुणाच्या कामाचं, हा प्रश्नच नको.

पाच की सहा?
कुष्ठरोगात चट्टे मोजण्याला फार महत्त्व. पाचपर्यंत असतील तर साधारणपणे सहा महिन्यांचं औषध, त्याहून जास्त असतील तर बारा महिन्यांचं. एकाच चट्ट्याचा झकास फोटो काढला आणि पाठीवरचे सहा राहून गेले, तर हिशेबच चुकला. म्हणून आशाताई सदरा काढायला सांगतात, ते उगाच नाही.

बधिरपणाचा फोटो निघत नाही
इथे कॅमेरा हात टेकतो. चट्ट्यावर कापूस टेकवला, पेनचं टोक लावलं आणि डोळे मिटलेल्या माणसाला कळलंच नाही, ही कुष्ठरोगाची मोठी खूण. कोपराजवळची जाड झालेली नसही बोटांनाच लागते. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०२२ साली संगणकाला फोटोंसोबत रुग्णाच्या तक्रारीही पुरवल्या, तेव्हा उत्तरं सुमारे ९० टक्के बरोबर आली. त्या तक्रारींत थंड-गरम न कळणं वजनदार ठरलं. खाज सुटत असेल आणि कोंडा निघत असेल, तर मात्र कुष्ठरोगाची शक्यता घटली.

थंड डोक्याचा नव्हे, थंड कानाचा जंतू
हान्सेननं १८७३ साली शोधलेला कुष्ठरोगाचा हा जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत आजही वाढत नाही. त्याला शरीराचे थंड भाग आवडतात: कानाची पाळी, नाक, हात-पाय. काखेसारख्या उबदार जागा तो सहसा टाळतो. आळशी इतका, की एकाचे दोन व्हायला त्याला दोनेक आठवडे लागतात. म्हणून लक्षणं दिसायला सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही.

गोऱ्या फोटोंवर शिकलेला शिष्य
२०२२ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी चामडीचे रोग ओळखणारे काही संगणकी नमुने तपासले. सावळ्या-काळ्या त्वचेवर त्यांची कामगिरी घसरली. कारण शिकताना पुढ्यात आलेले बहुतेक फोटो गोऱ्या कातडीचे! विदर्भाच्या उन्हात रापलेल्या पाठी ओळखायच्या, तर शिकवणीही तशाच पाठींवर हवी.

मलमानं घातला मुखवटा
गजकर्णाची लालसर कडा अ‍ॅपला पटकन सापडावी. पण औषधाच्या दुकानातून आणलेलं स्टेरॉइडचं मलम महिनाभर चोळलं, की कडा पुसट होते, बुरशी मात्र आत मजेत पसरते. या वेषांतराचं वर्णन डॉक्टरांनी १९६८ सालीच करून ठेवलंय. भल्याभल्या डॉक्टरांना फसवणारं सोंग फोनला काय ओळखू येणार?

रात्रपाळीचा किडा
फोन चामडीवरच थांबत नाही, रक्तातही डोकावतो. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा हत्तीरोगाचाही पट्टा. त्याच्या जंतूची पिल्लं दिवसा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री, डास चावायच्या वेळेला, रक्तात हिंडायला निघतात. म्हणून रक्ताचा नमुना रात्री साडेआठनंतर घ्यायचा. आफ्रिकेतला 'लोआ लोआ' हा किडा याच्या उलट, भरदुपारचा गडी. त्याच्यासाठी कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी फोनलाच सूक्ष्मदर्शक केलं. थेंबभर रक्तातली वळवळ फोन टिपतो आणि दोन-तीन मिनिटांत पिल्लं मोजून देतो. कॅमेरूनमध्ये २०१५ साली त्याचा वापरही झाला.

वर्ध्याची पायी चालणारी योजना
कुष्ठरोगात 'रुग्ण येईल तेव्हा तपासू' हा रिवाज मोडला तो आपल्या शेजारच्या वर्ध्यानं. तिथे १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू झालं. तिथल्या डॉ. वर्देकरांनी घरोघरी पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार अशी तिपेडी पद्धत बसवली, आणि ती देशभर गेली. आजच्या अ‍ॅपचं कामही यांतल्या पहिल्या पेडाचं. उरलेले दोन माणसांनीच वळायचे.

फोटो काढताय? मग हे पाळा
• आधी परवानगी, मगच कॅमेरा. चेहऱ्यावर चट्टा नसेल तर चेहरा नकोच.
• फ्लॅश बंद. दिवसाच्या उजेडात, सावलीत उभं राहा. फ्लॅशच्या झगमगाटात फिकट चट्टा हरवतो.
• एक फोटो लांबून, एक जवळून. शेजारी मोजपट्टी ठेवली तर आकार कळतो.
• तेल, हळद, मलम आधी पुसून घ्या.
• उपचार सुरू आहेत का, ते लिहा. क्लोफाझिमिन या गोळीनं कातडी काळपट-तांबूस होते आणि अ‍ॅप गोंधळू शकतं.

अ‍ॅपनं संशय घेतला, तर घाबरू नका, उपकेंद्र गाठा. तपासणी आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि वेळेत सुरू केल्या तर हात-पाय शाबूत राहतात. अ‍ॅप 'काही नाही' म्हणालं, पण चट्ट्यावर टेकवलेला कापूस कळत नसेल, तर? तरीही उपकेंद्रच गाठा. अशा वेळी अ‍ॅपपेक्षा कापसाचं ऐकावं.