सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको

मागच्या व्याख्यानात आपण आहाराबद्दल बोललो. आज चालण्याबद्दल. चालून नेमकं होतं काय, हे आधी बघू.

टाइप 2 मधुमेहात शरीरात इन्सुलिन असतं, पण पेशी त्याला नीट दाद देत नाहीत. साखर दाराबाहेर, रक्तातच साठते. मात्र स्नायू काम करू लागले, की ग्लूट-4 नावाची प्रथिनं पेशीच्या कडेला येतात आणि इन्सुलिनची वाट न बघता साखर आत घेतात. दुसरं दारच म्हणा ना! व्यायाम थांबल्यावरही स्नायू इन्सुलिनला जास्त चांगली दाद देतात, पण एक ते तीन दिवसच. म्हणून रविवारी टेकडी चढायची आणि आठवडाभर खुर्चीत बसायचं, हे आम्हाला पटत नाही. आठवड्याला 150 मिनिटं, किमान तीन दिवसांत विभागून. वेग असा, की बोलता यावं पण गाता येऊ नये. गुडघे दुखत असतील तर सायकल किंवा पोहणं. जेवणानंतर 10-15 मिनिटं चाललं तरी साखर कमी चढते. शतपावली उत्तमच, फक्त शंभर पावलांवर थांबू नका.

आता मन. मधुमेह असलेल्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळतं. रोज बोट टोचा, मोजून खा, लग्नात जिलबीला नाही म्हणा, वर ताटावर घरच्यांची नजर! माणूस थकतो. मग औषधं चुकतात, साखर वाढते, अपराधी वाटतं. एचबीएवनसी म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी, तिथे फरक दिसायला वेळ लागतो. चालून आल्यावरचा हलकेपणा मात्र बऱ्याचदा त्याच दिवशी जाणवतो. सुरुवातीला टिकून राहायला तोच आधार. पण नैराश्य खोल असेल तर नुसतं ‘फिरायला जा’ सांगणं अन्यायाचं आहे. तिथे उपचारच हवेत.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर चालताना साखर एकदम उतरू शकते. खिशात साखर ठेवा. घाम, थरथर जाणवली की लगेच खा. छातीत दुखलं तर थांबा आणि तातडीने डॉक्टर गाठा. आणि ते हिरवळीवर अनवाणी चालणं? पायांची संवेदना कमी झाली असेल तर मुळीच नको. काटा रुतलेला कळतच नाही. घरी आल्यावर तळवे बघा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून.