वादात जिंकलेली कुमारी आणि तलवारीने जिंकलेले शहर

रत्नागिरीत हापूस हे नाव कुणाला नवं नाही. हा हापूस म्हणजे आफोन्सो द अल्बुकर्क, असं सांगतात. आज आम्ही त्याच माणसापासून सुरुवात करणार आहोत, पण विषय तो नाही. विषय आहे एक मुलगी. अल्बुकर्कने आपला विजय तिच्या नावावर जमा केला.

जुन्या गोव्यातलं सर्वांत भव्य चर्च कोणतं? आपल्यापैकी बरेच जण झेवियरचं नाव घेतील. पण झेवियरचं शव आहे ते बॉम जेझूमध्ये. रस्त्यापलीकडे जे विशाल से कॅथेड्रल उभं आहे, ते अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनला वाहिलेलं आहे. त्याचं बांधकाम १५६२ मध्ये सुरू झालं, आणि १६४० मध्ये त्याचं विधिवत समर्पण झालं. मुख्य वेदीच्या सोनेरी मखरात तिच्या आयुष्यातले आणि हौतात्म्याचे प्रसंग कोरलेले आहेत.

ही कॅथरिन कोण? परंपरा सांगते ती कथा अशी. चौथ्या शतकाच्या आरंभी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात एक अठरा वर्षांची, खानदानी, शिकलेली मुलगी होती. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या रोमन सम्राटाला तिने तोंडावर जाब विचारला. सम्राटाने तिच्याशी वाद घालायला पन्नास पंडित बोलावले. ते हरले आणि तिच्याच बाजूला आले. सम्राटाने त्यांना जाळून मारलं. मग तिला खिळ्यांच्या चाकावर चिरडायचं ठरलं, पण चाकच मोडलं. शेवटी तिचा शिरच्छेद झाला. म्हणून चित्रांत तिच्याजवळ मोडकं चाक दिसतं. कडेला ठिणग्या उडवत फिरणाऱ्या दारूकामाच्या चक्राला इंग्रजीत आजही कॅथरिनचं चाक म्हणतात.

आपल्याला इथे गार्गी आठवेल. जनकाच्या सभेत याज्ञवल्क्य तिला बजावतो की फार विचारशील तर डोकं गळून पडेल. गार्गी क्षणभर थांबते, आणि पुन्हा उठून विचारतेच. तिथे ती केवळ ताकीद होती. कॅथरिनच्या कथेत ती शिक्षा झाली. युरोपातल्या तत्त्वज्ञांनी आणि विद्यार्थ्यांनी हिला आपली आश्रयदाती संत मानलं, ते या वादामुळे.

आता दोन शब्द समजून घेऊ. पहिला, कुमारी. हा केवळ शरीराचा प्रश्न नव्हे. रोमन समाजात मुलीचं लग्न वडील ठरवत. 'मी लग्न करणार नाही, माझं आयुष्य ख्रिस्ताला दिलंय' असं म्हणणं म्हणजे घराची आणि राज्याची आपल्यावरची मालकी नाकारणं. दुसरा शब्द, रक्तसाक्षी. युरोपीय भाषांतल्या हुतात्म्याच्या शब्दाचं मूळ ग्रीकमध्ये आहे आणि त्याचा मूळ अर्थ फक्त साक्षीदार असा आहे. मराठी ख्रिस्ती लेखनातल्या 'रक्तसाक्षी' या शब्दात तो अर्थ नीट उतरलाय. रक्त द्यायचं, साक्ष द्यायची. आणि रक्त कुणाचं? स्वतःचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अल्बुकर्कने १५१० च्या आरंभी गोवा घेतला, मे महिन्यात गमावला, आणि आदिलशाही सैन्याकडून तो पुन्हा जिंकला तो दिवस होता २५ नोव्हेंबर. कॅथरिनचा सण त्याच दिवशी. झालं! विजय संताच्या कृपेने मिळाला असं ठरलं. तिच्या नावाने चॅपल उभं राहिलं, आणि पुढे तिचं चाक गोव्याच्या राजचिन्हावर गेलं. पण शहर घेतल्यावर चार दिवस मुसलमानांची कत्तल चालली होती, आणि तसं अल्बुकर्कनेच राजाला पत्रातून कळवलं आहे.

पेच इथे आहे. जी बुद्धीने वादली आणि तलवारीखाली मेली, ती तलवार चालवणाऱ्यांची देवता कशी झाली? उत्तर साधं आहे. पंचांगाने केली. तारीख जुळली एवढंच. तिच्या आयुष्यातलं काहीही त्या विजयाशी जुळत नव्हतं.

दुसरा प्रश्न आणखी अवघड. ती झाली तरी का? त्या काळचा इतिहासकार युसेबियस अलेक्झांड्रियाच्या एका श्रीमंत, सुशिक्षित ख्रिस्ती स्त्रीबद्दल लिहितो. तिने सम्राटाला नकार दिला. पण त्याने तिचं नाव दिलेलं नाही, आणि तिला मारलं नाही, हद्दपार केलं, असं तो सांगतो. कॅथरिनची सविस्तर कथा त्यानंतर काही शतकांनी लिहिलेली सापडते. म्हणूनच १९६९ मध्ये रोमने तिचा सण सार्वत्रिक दिनदर्शिकेतून काढला. २००२ मध्ये तो ऐच्छिक म्हणून परत आला.

मग भाविक कुणापुढे मेणबत्ती लावतात? कॅथलिक धर्मशास्त्र इथे स्पष्ट भेद करतं. उपासना फक्त देवाची. संतांना आदर, आणि 'आमच्यासाठी देवाकडे विनंती करा' अशी याचना. आपल्या कोकणात गावकरी स्वतः न बोलता जाणत्याकरवी गाऱ्हाणं घालतात, साधारण तसंच. मध्यस्थाने आपल्या वतीने बोलायचं. म्हणून भक्तीचा भार कथेतल्या प्रत्येक तपशिलावर नसतो. तो कथा ज्या गोष्टीची साक्ष देते तिच्यावर असतो: सत्तेपुढे सत्य बोलावं, आणि त्याची किंमत स्वतः भरावी.

पण एवढ्यावर सुटका नाही. कथेचा अर्थच जर भक्तीचा आधार असेल, तर त्या अर्थाच्या उलट वागून तिचं नाव घेणं ही भक्ती राहत नाही. इतिहासाने कॅथरिन खोटी ठरली तरी एक वेळ भक्ती टिकेल. दुसऱ्याचं रक्त सांडून तिचा जयजयकार केला, तर ती टिकत नाही. हा निकष एकट्या पोर्तुगीजांना लावून चालणार नाही. देवाचं नाव घेऊन जिंकायला निघालेल्या प्रत्येकाला तो लागू आहे, आपल्यालाही.

आज से कॅथेड्रलमध्ये कोकणीतून प्रार्थना होते. जिंकणारे गेले. ज्यांच्यावर राज्य केलं, त्यांच्या मुलाबाळांनी ती संत आपलीशी केली. कधी गेलात तर वेदीसमोर जरा थांबा आणि ती मुलगी शोधा. हापूसचं नाव ज्याच्याकडून आलं, त्याला आपण ओळखतोच. तिची ओळख करून घ्यायची राहिली आहे.