संगणकातला घाट शोधताना

"नवे खेळ आपल्या संगणकावर चालत नाहीत, नवा संगणक घ्या." सुट्ट्या जवळ आल्या की ही मागणी नाशिकमधल्या अनेक घरांत होते. एकदम मोठी रक्कम काढणे सर्वांना शक्य नसते. मग पालक शाळेतल्या विज्ञानशिक्षकांनाच विचारतात : आहे तोच संगणक हळूहळू सुधारता येईल का? आणि पहिला पैसा कशावर खर्च करावा?

उत्तरासाठी आपण कसारा घाटात जाऊ. १८६५ मध्ये सुरू झालेल्या या रेल्वेमार्गाचा चढ ३७ स १ इतका तीव्र आहे. इगतपुरीकडे चढणाऱ्या अनेक गाड्यांना जादा इंजिने जोडावी लागतात. घाटाखालचा सपाटीवरचा मार्ग कितीही वेगवान केला, तरी तासाला किती गाड्या वर येतील हे घाटच ठरवतो.

खेळातले हलते दृश्य म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे होत. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. प्रोसेसर पात्रांच्या हालचालींचा हिशेब करतो आणि ग्राफिक्स कार्ड त्यानुसार पडद्यावरचे बिंदू रंगवते. कार्ड एक चित्र रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या चित्राचा हिशेब करत असतो. म्हणून दोघांपैकी जो मंद, त्याच्याच गतीने चित्रे बाहेर पडतात.

समजा, प्रोसेसरला १० आणि कार्डाला ४० मिलिसेकंद लागतात. चित्रे मिळतील सेकंदाला २५. दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवला, तरीही २५च! त्याऐवजी दुप्पट वेगाचे कार्ड घेतले, तर ५०. कार्ड चौपटीहून वेगवान घेतले, तरी १००च्या पुढे मजल जाणार नाही. कारण आता घाट प्रोसेसरमध्ये आलेला असतो. शिवाय ६० हर्ट्‌झचा पडदा सेकंदाला ६०हून अधिक चित्रे दाखवूच शकत नाही.

घाट कोठे आहे, हे विद्यार्थी स्वतः शोधू शकतात. खेळातील चित्रसंख्येवरची मर्यादा काढून टाकावी आणि सेकंदाला किती चित्रे येतात ते नोंदवावे. मग बाकी काहीही न बदलता १९२० × १०८० ऐवजी १२८० × ७२० बिंदू निवडावेत. रंगवायचे बिंदू २०,७३,६०० वरून ९,२१,६०० वर येतात. चित्रे बरीच वाढली, तर कार्ड अपुरे आहे. जवळजवळ वाढलीच नाहीत, तर प्रोसेसर किंवा मेमरी.

खर्चाआधी संगणक बंद करून आतली धूळ काढावी. प्रोसेसर फार तापला की स्वतःच वेग कमी करतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे सहज घडते. ग्राफिक्स कार्ड वेगळे नसेल, तर मेमरीची एकच पट्टी आहे का ते पाहावे. डीडीआर४-३२०० जातीची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट माहिती देते. तशाच दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्यास ५१.२. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घातल्यास खेळ लवकर उघडतो, पण चित्रसंख्या सहसा वाढत नाही.

सुटे भाग घेण्यापूर्वी मदरबोर्डचे नाव लिहून घ्यावे. डीडीआर५ची पट्टी डीडीआर४च्या खाचेत बसत नाही. उलट, एएमडीच्या २०१७ मधल्या एएम४ जातीच्या अनेक बोर्डांवर बायॉस अद्ययावत केल्यास २०२० मध्ये आलेले रायझन ५००० मालिकेतले प्रोसेसरही चालतात. वीजपुरवठ्याच्या संचात मात्र काटकसर नको. त्याची वॉट-क्षमता सर्व भागांच्या एकत्रित गरजेहून पुरेशी अधिक हवी. बोर्ड, प्रोसेसर आणि मेमरी अशी तिन्ही बदलावी लागणार असतील, तर तो नवा संगणकच झाला. तेथे थांबून पैसे साठवावेत.

शाळेच्या संगणक कक्षातले जुने संच मोडीत काढण्यापूर्वीही हीच रीत वापरावी : आधी मोजमाप, मग एका वेळी एकच बदल, आणि पुन्हा मोजमाप.