सायकलस्वारांसाठी हेल्मेटसक्ती : उपयुक्तता आणि मर्यादा

प्रस्तावना :
सायकलस्वाराने हेल्मेट वापरणे कायद्याने बंधनकारक असावे काय, हा प्रश्न गेली तीन दशके अनेक देशांत चर्चिला जात आहे. या चर्चेत दोन भिन्न प्रश्नांची गल्लत होते. हेल्मेट डोक्याचे रक्षण करते काय, हा पहिला प्रश्न. तर सक्तीमुळे समाजाचे एकूण आरोग्य सुधारते काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले म्हणून दुसऱ्याचे उत्तर आपोआप मिळत नाही.

हेल्मेटचे कार्य :
हेल्मेटमधील पॉलिस्टायरीन फोमचा थर आघाताच्या वेळी स्वतः चिरडला जातो. त्यामुळे डोके थांबण्यास अधिक अंतर व वेळ मिळतो आणि आघाताची तीव्रता घटते. ऑलिव्हियर आणि क्रेटन यांनी २०१६ मध्ये ४० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यानुसार अपघातग्रस्त सायकलस्वारांपैकी हेल्मेटधारकांत डोक्याच्या गंभीर दुखापतीची शक्यता ६९ टक्क्यांनी कमी आढळली. मात्र युरोपीय मानकानुसार सपाट पृष्ठभागावरील चाचणी ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाच्या आघाताची असते. भरधाव मोटारीच्या धडकेपासून पूर्ण संरक्षण मिळेल, अशी अपेक्षा त्यातून करता येत नाही.

कायद्याचा अनुभव :
ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० रोजी सर्व वयाच्या सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. वर्षभरात हेल्मेटचा वापर ३१ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर गेला आणि डोक्याच्या दुखापतींचे प्रमाणही लक्षणीय घटले. तथापि, त्याच काळात मेलबर्नमधील किशोरवयीन सायकलस्वारांची संख्याही कमी झाली. शिवाय मद्यपी चालक व अतिवेग यांविरुद्धच्या मोहिमाही तेव्हा सुरू होत्या. त्यामुळे घटीचे श्रेय केवळ हेल्मेटला द्यावे काय, हा वाद आजही मिटलेला नाही. सायकल सोडणारी व्यक्ती व्यायामालाही मुकते, ही हानी अपघातांच्या आकडेवारीत दिसत नाही.

इस्रायलने २००७ मध्ये केलेली सक्ती २०११ मध्ये शहरांतील प्रौढांपुरती मागे घेतली. अमेरिकेतील सिएटल शहर ज्यात येते त्या किंग काउंटीने २०२२ मध्ये असा नियम रद्द केला. दंडाचा भार कृष्णवर्णीय व बेघर नागरिकांवर विषम प्रमाणात पडत असल्याचे तेथे निदर्शनास आले होते. याउलट नेदरलँड्समध्ये साध्या सायकलसाठी हेल्मेटसक्ती नाही. तेथे स्वतंत्र सायकलमार्ग आणि मोटारींचा मर्यादित वेग यांवर भर दिला जातो.

निष्कर्ष :
हेल्मेट अपघाताचा परिणाम सौम्य करते. अपघात टाळण्याचे काम रस्त्याची रचना आणि वाहनांचा वेग यांवर अवलंबून असते. म्हणून हेल्मेटचा प्रसार, विशेषतः मुलांमध्ये, सर्वथा इष्ट आहे. सक्तीचा विचार करताना मात्र टळलेल्या दुखापतींबरोबरच घटलेले सायकलस्वार आणि दंडाचा भार सोसणारा वर्ग यांचीही मोजदाद व्हावी. सुरक्षित मार्ग न देता केवळ हेल्मेट बंधनकारक केल्यास सुरक्षिततेची जबाबदारी रस्त्यावरील सर्वांत दुर्बल घटकाच्याच माथी येते.