७२ वार कापड आणि तीन पक्ष

मजुरीचा हिशेब : भाग ९

मागील लेखात आपण १९४८चा किमान वेतन कायदा पाहिला. सरकारने किमान वेतन ठरवावे, असे हा कायदा सांगत होता. ते कोणत्या मापाने, याबद्दल मात्र तो गप्प होता. हे माप संसदेने नव्हे, तर १९५७च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने दिले.

ही परिषद त्रिपक्षीय असते. तिचा आरंभ ७ ऑगस्ट १९४२ रोजी दिल्लीत झाला. दुसऱ्या महायुद्धामुळे उत्पादन थांबणे परवडणारे नव्हते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्षस्थानी होते. मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी सरकारसह एकाच परिषदेत समोरासमोर बसण्याची ती पहिलीच वेळ. नमुना होता १९१९मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा. तिच्या अधिवेशनाला प्रत्येक देश चार प्रतिनिधी पाठवतो: सरकारचे दोन, मालकांचा एक, कामगारांचा एक. मत प्रत्येकाचे स्वतंत्र. कामगार प्रतिनिधी आपल्याच सरकारच्या विरोधात हात वर करू शकतो.

१९५७च्या ठरावातले माप असे: कमावत्या माणसाला धरून तीन प्रौढांइतका खाणारा परिवार, प्रत्येक प्रौढामागे रोज २,७०० कॅलरींचे अन्न, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के.

परिषदेचे ठराव कायद्याने बंधनकारक नसतात. दुसऱ्या वेतन आयोगापुढे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने हा ठराव सरकारला बांधत नाही, असे सांगूनही टाकले. तरी माप टिकले. १९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के घातले. वेतन संहितेच्या २०२०मधील केंद्रीय नियमांच्या मसुद्यातही तेच माप आले. ७२ वारांचे ६६ मीटर झाले. मालकांनी आणि सरकारने एकदा संमती दिली होती, म्हणून कामगारांना नंतर हे आकडे कुठेही पुढे करता आले.

सल्लामसलतीचे बंधन भारताने १९७८मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवरही पत्करले. त्या वर्षी आपण आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १४४ क्रमांकाचा करार मान्य केला. कोणते आंतरराष्ट्रीय करार स्वीकारायचे, न स्वीकारलेल्यांचा फेरविचार कधी करायचा, संघटनेकडे पाठवायच्या अहवालात काय लिहायचे, यावर वर्षातून निदान एकदा मालक आणि कामगारांशी समान पायावर बोलावे, अशी त्याची अट आहे. सरकारने त्यांचे ऐकावे, हे बंधन. मानलेच पाहिजे, असे नाही.

देशातल्या कायद्यांसाठी मात्र मुख्य व्यासपीठ श्रम परिषदच. तिचे सेहेचाळीसावे अधिवेशन जुलै २०१५मध्ये झाले. त्यानंतर २०१९-२०मध्ये चार श्रम संहिता (वेतन संहिता त्यांतलीच एक) संमत झाल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाल्या. या संपूर्ण काळात परिषद भरली नाही. मसुद्यांवर त्रिपक्षीय बैठका घेतल्या, असे सरकार म्हणते. त्या नावापुरत्या होत्या, अशी केंद्रीय कामगार संघटनांची तक्रार आहे. बैठका झाल्या हे धरले, तरी १९५७सारखा तिन्ही पक्षांनी मान्य केलेला ठराव त्यांतून निघाला नाही. नव्या नियमांवर उद्या वाद झाला, तर कामगारांना अजूनही १९५७च्याच संमतीकडे बोट दाखवावे लागेल.

(पुढील भागात : परिषदेत कामगारांच्या वतीने बसण्याचा अधिकार कोणत्या संघटनेचा? सदस्यसंख्येच्या पडताळणीचा वाद.)